सभासद नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्डचा प्रकार कसा निवडावा

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेतलं की नाव, गाव, मोबाईल तयार मिळतं. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, ओलावा हे रकाने (फील्ड) आपल्यालाच जोडावे लागतात. इथे ‘सगळं टेक्स्ट ठेवा, नंतर पाहू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नोंदी भरल्यावर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रकार बदलताच येत नाही. बदलला तरी जुना डेटा उडायची भीती असतेच.

रकान्यातल्या आकड्यांची कधी बेरीज होणार आहे का, हे आधी विचारा. होणार नसेल तर टेक्स्ट. मोबाईल, आधार, पिनकोड, बँक खातं, सगळं टेक्स्ट. नंबर फील्ड खात्याच्या सुरुवातीचं शून्य गिळतं. यादी आधी एक्सेलमध्ये भरत असाल तर तेही १५ अंकांपुढचं सगळं शून्य करतं, म्हणजे १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक गेलाच. गट क्रमांकाचं तर विचारूच नका: १२/३ टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं. एकदा तारीख झाली की मग कॉलम टेक्स्ट करून फायदा नाही, भलताच पाच अंकी आकडा दिसतो. म्हणून भरण्याआधीच कॉलम टेक्स्ट करा.

आता क्षेत्र. मला सगळ्यात जास्त घाम इथेच फुटला. सातबारावर हेक्टर-आर असतं, कास्तकार एकर-गुंठे सांगतो, आणि भरणारा पोरगा दोन्ही एकाच रकान्यात टाकतो. हेक्टर-आरमध्ये १.२० बरोबर आहे, कारण हेक्टरचे १०० आर. पण एका एकराचे गुंठे ४०. ‘एक एकर वीस गुंठे’ म्हणजे दीड एकर, आणि रकान्यात पडतं १.२०. अशी दोन वावरं जोडली तर व्हायला हवेत तीन एकर. सॉफ्टवेअर सांगतं २.४०. कुठेही लाल खूण येत नाही, म्हणून ही चूक वर्षभर कोणाच्या नजरेत येत नाही. बियाण्याचं वाटप मात्र त्याच आकड्यावर होतं.

माझं मत ठाम आहे: क्षेत्र फक्त हेक्टरमध्ये, दशांश फील्ड, चार स्थळं. एका आरचे १०० चौरस मीटर, त्यामुळे १ हेक्टर २० आर ५० चौ.मी. म्हणजे १.२०५०. फील्डच्या नावातच ‘हेक्टर, सातबारा पाहून’ असं लिहा. एकर हवेच असतील तर २.४७ ने गुणणारं वेगळं सूत्र-फील्ड करा, हाताने भरू देऊ नका.

पीक ड्रॉपडाउनमध्येच, म्हणजे तयार यादीतून निवडायचं. नाहीतर कापूस, कपाशी, पऱ्हाटी अशी तीन पिकं अहवालात उगवतात. गावही ड्रॉपडाउनमध्ये, आणि बु. की खु. ते सोबत.

होय-नाहीसाठी चेकबॉक्स मला पटत नाही. रिकामा चौकोन म्हणजे ‘नाही’ की ‘विचारलंच नाही’? तीन पर्याय द्या.

ओलावा दशांश, एक स्थळ. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीत ८ टक्क्यांपुढे भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेत नाहीत, तिथे ‘कमी-जास्त’ असा ड्रॉपडाउन काय कामाचा?

तारखेला तारीख फील्डच.

सगळी यादी चढवण्याआधी पाचेक आडमुठ्या नोंदी घाला: शून्याने सुरू होणारं खातं, १२/३ गट, दोन गटांचा एकच मालक. मराठी कीबोर्डवरचे १२३ नंबर फील्ड घेतं का, तेही तेव्हाच पाहून घ्या.