पळस पाहायला निघताय? या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीत नागपुरात अवकाळी पाऊस झाला की पुढच्या रविवारी बरेच जण रानफुलं शोधायला निघतात आणि वाळलेलं गवत पाहून परततात. आपल्याकडे जमिनीवरच्या रानफुलांचा मोठा बहर ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. वसंतात फुलतात ती झाडं: काटेसावर, पळस, गणेर, मग मोह, आणि ऊन तापलं की बहावा.

पळसासाठी होळीची तारीख धरू नका. होळी मार्चच्या अखेरीस आली तर रामटेक-देवलापार भागातली बरीच फुलं तोवर गळालेली असतात. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा भरवशाचा काळ. मध्ये गारपीट झाली तर घोस नीट बघा. काळपट, मखमली कळ्या शिल्लक असतील तर आठवड्याने पुन्हा जा, कारण घोसातली फुलं एकदम उमलत नाहीत. चपट्या कोवळ्या शेंगा लोंबू लागल्या असतील तर त्या झाडाचा बहर संपला.

दुपारी गेलात तर फोटोत नुसता केशरी डाग येतो. सकाळी नऊच्या आत पोहोचा; मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी तेव्हाच येतात. मोबाइलवर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, पाकळीच्या शिरा दिसतील.

पाऊस नुकताच झाला असेल तर गाडी डांबरी रस्ता सोडून बांधावर उतरवू नका. काळी माती वरून सुकलेली दिसते, पण आत चाक रुतवते.

झुडपांत शिरताना खाजकुयलीच्या सोनेरी-तपकिरी, लवदार शेंगा ओळखा, कारण या दिवसांत त्या वाळलेल्या असतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टी लावून अलगद ओढा, मगच धुवा. पिवळ्या धोतऱ्याचे काटे आणि रुईचा चीक मुलांपासून दूर ठेवा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टर गाठा.

मोहाखाली पहाटे जाऊ नका. गळलेल्या फुलांसाठी अस्वल येतं. आणि ती फुलं वेचणाऱ्या कुटुंबांच्या कमाईची असतात, तुडवू नका, उचलू नका. जंगलात काडी-विडी अजिबात नको. या दिवसांत पानगळीचा थर क्षणात पेटतो.

रंगासाठी पळसाची फांदी मोडणं ही सगळ्यात वाईट चूक. त्याच्या शेंगेत एकच बी असतं, म्हणजे तोडलेला घोस ही थेट बियांची तूट. खाली पडलेली फुलं पुरतात. देठ आणि पाकळ्यांना बुडाशी धरणारा काळपट पेला काढून पाकळ्या सावलीत सुकवा. दोन मुठी पाकळ्या दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून गाळा. रंग गडद करायला काही जण चुना घालतात. कापडाला चालेल, पण अंगावर उडवायच्या रंगात तो घालू नका.