आवाजी सिग्नलवर पांढऱ्या काठीने रस्ता कसा ओलांडावा

आवाजी सिग्नल एवढंच सांगतो, की पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. रस्ता मोकळा आहे का, हे तो सांगत नाही. ते कानाने आणि काठीनेच ठरवावं लागतं. नवा चौक असेल तर आधी मोबिलिटी प्रशिक्षकासोबत (अंध व्यक्तींना काठीने फिरायला शिकवणारा) सराव करा.

खांब शोधा. चांगल्या यंत्रणेत दोन आवाज असतात. अमेरिकी मानकानुसार सेकंदाला एकदा वाजणारी बारीक टिकटिक खांबाची जागा सांगते. ती साधारण दोन ते साडेतीन मीटरवरून ऐकू येते. चालायची वेळ झाली, की सेकंदाला आठ-दहा वेळा टकटक सुरू होते. जिथे फक्त हिरव्याचा बीप आहे, तिथे फुटपाथच्या कडेच्या ठिपक्यांच्या फरशा पायाने शोधा. बटणावर उंचवट्याचा बाण असेल तर तो चाचपून पाहा, बाण ओलांडायच्या दिशेला असतो. ब्रिटनमध्ये बटणाच्या पेटीखाली एक छोटा शंकू असतो आणि दिवा हिरवा झाला की तो फिरू लागतो. ऐकूही न येणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

सरळ उभे राहा. बटण दाबून लगेच आपल्या जागी परत या. फुटपाथच्या उतारावरून दिशा ठरवू नका. कोपऱ्यावरचा उतार बरेचदा चौकाच्या मधोमध नेतो. समोरची वाहनं एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरळ जात असतील आणि शेजारच्या रस्त्याची वाहतूक तुमच्या चालायच्या दिशेला समांतर असेल, तर तुम्ही नीट उभे आहात.

चालू असलेला बीप सोडून द्या. तुम्ही पोचलात तेव्हा आवाज आधीच सुरू असेल, तर किती सेकंद उरले ते कळायला मार्ग नसतो. पुढच्या वेळी सिग्नल सुटेपर्यंत थांबा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर १८ मीटरच्या रस्त्याला पूर्ण १५ सेकंद लागतात.

ऐका, मग निघा. बीप सुरू झाला की समोरची इंजिनं जागच्या जागी घरघरताहेत ना, हे एक-दोन सेकंद ऐका. फ्री लेफ्ट असेल तर त्या बाजूला जास्त कान द्या, तिथली वाहनं तुमच्या हिरव्यातही वळतात. इलेक्ट्रिक स्कूटर थांबलेली असताना ऐकूच येत नाही, म्हणून पहिल्या पावलाआधी काठी पुढे करून दाखवा. खात्री होईना तर तो हिरवा जाऊ द्या.

मध्ये थांबू नका. पलीकडच्या खांबाची टिकटिक ऐकू येत असेल तर तिच्या रोखाने चाला. समांतर वाहतूक फार जवळ वाटू लागली, तर तुम्ही त्या बाजूला वाहवत चालला आहात. अर्ध्यात बीप थांबला तर मागे वळू नका. बऱ्याच यंत्रणांत जलद आवाज फक्त निघायच्या वेळेपुरता असतो आणि पलीकडे पोचायला नंतरही वेळ ठेवलेला असतो. दुभाजकावर थांबायची वेळ आली, तर काठी अंगाजवळ उभी धरा.

सगळ्यात घातक घोटाळा होतो तो दोन रस्त्यांचे स्पीकर एकाच खांबावर लावल्यामुळे. हिरवा नेमका कोणाचा, हे कळतच नाही. अमेरिकी नियमात म्हणूनच खांबांत किमान १० फूट अंतर सांगितलं आहे आणि ते शक्य नसेल तर रस्त्याचं नाव बोलून सांगावं लागतं. आवाजाची पातळी आसपासच्या गोंगाटापेक्षा जास्तीत जास्त ५ डेसिबल वर असावी आणि गोंगाटानुसार आपोआप बदलावी. हे केलं नाही तर शेजारचे रहिवासी वैतागतात आणि आवाज रात्री बंद होतो. नेमकी तेव्हाच वाहतूक विरळ असते आणि कानाला दुसरी खूण उरत नाही.

सिग्नल मुका झाला असेल किंवा चुकीच्या वेळी वाजत असेल, तर महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करा. चौकाचं नाव, कोणत्या कोपऱ्यावरचा खांब, कोणता रस्ता ओलांडायचा होता आणि वेळ, एवढं लिहा. सोबत दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या कलम ४१ चा उल्लेख करा. सुगम रस्त्यांची जबाबदारी त्यात शासनावर टाकली आहे.