प्रोसेसर निवांत, एन्कोडिंग रखडलेलं

लग्नांच्या जुन्या मिनी-डीव्ही टेपा एच.264 या डिजिटल व्हिडिओ प्रकारात एन्कोड (रूपांतरित) करून द्यायचं काम आमच्या सोलापुरात अजून येतं. आठ कोअरचं मशीन, तरी काम मुंगीच्या पावलानं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम 15 टक्के. दुकानदार म्हणाला, "रॅम वाढवा." (त्यांचं ठरलेलं उत्तर!)

आलेखावर राइट-क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघितले. एकाचाच चौकोन वरपर्यंत भरलेला, बाकीचे जवळपास रिकामे. म्हणजे एन्कोडर (एच.264 फाइल बनवणारा प्रोग्रॅम) उपाशी, त्याला फ्रेमाच पुरेशा मिळत नव्हत्या! त्याच्याआधी एव्हीसिंथ-प्लसमधला (स्क्रिप्ट लिहून व्हिडिओवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर) क्यूटीजीएमसी डीइंटरलेसर, म्हणजे टेपेवरच्या आडव्या रेघांच्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांपासून पूर्ण फ्रेमा बनवणारा फिल्टर, एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) फ्रेमा काढत होता. प्रीफेच (किती थ्रेड वापरायचे ते सांगणारी आज्ञा) सांगितल्याशिवाय एव्हीसिंथ-प्लस जास्त थ्रेड वापरतच नाही. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी प्रीफेच(8) लिहिलं आणि पंखा घुमायला लागला. 16 करून पाहिलं, तर मेमरी वाढली, वेग तेवढाच. रॅम कमी असेल तर 4 पासून सुरू करा.