प्लग-इन हायब्रिड घ्याची का? आधी वही लिहा, मग शोरूमले जा

मागच्या पोळ्याले साळा नागपूरवरून आला अन् बैल पुजून व्हायच्या आधीच सुरू झाला, "भाऊजी, हे डिझेल विकून टाका आता, प्लग-इन हायब्रिड येऊन राहिल्या, करंटवर बी चालते न पेट्रोलवर बी." ऐकायले मस्त वाटते. मग मी दोन-तीन महिने त्याच्याच मागं लागलो, वाचलं, शोरूमले जाऊन आलो, घरची वायरिंग खोलून पाहिली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या आतल्या बाजूले, डांबरीपासून ४ किलोमीटर, अन् आता गावातल्या तिघांनी मले हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले कोणती गाडी कोणती ते सोडवून घ्या, कारण शोरूमवाला सगळ्यालेच हायब्रिड म्हणते. माइल्ड हायब्रिड म्हणजे मोटर फक्त हात लावते, तिच्यावर गाडी चालत नाही. ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटीची जी स्ट्राँग हायब्रिड येते ती थोडं अंतर करंटवर जाते पण तिले वायर लावता येत नाही, विटाराची बॅटरी तर पाऊण युनिटाची, ब्रेक मारताना न इंजिनावर भरते. प्लग-इनची बॅटरी १५-२० युनिटाची नाहीतर त्याहून मोठी, घरच्या सॉकेटवर भरायची, पन्नास ते शंभर किलोमीटर निव्वळ करंटवर, संपली की इंजिन. अन् चौथा प्रकार रेंज एक्स्टेंडर, त्यात चाकं फक्त मोटरच फिरवते, इंजिन म्हणजे मंडपवाल्याचं जनरेटर, कोपऱ्यात उभं राहून करंट बनवते.

आता कंपन्या काय करून राहिल्या ते थोडक्यात, कारण गाडी आता घ्यायची की थांबायचं हे त्यावर आहे. चार-पाच वर्षांपूर्वी बऱ्याच कंपन्या म्हणत होत्या की इंजिन बंद, २०३०-३५ पर्यंत सगळं इलेक्ट्रिक. व्होल्वोनं सप्टेंबर २०२४ मधे तो शब्द मागं घेतला, आता प्लग-इन धरून ९० ते १०० टक्के म्हणते. जनरल मोटर्सनं २०२४ मधेच सांगितलं की अमेरिकेत प्लग-इन परत आणतो. मे २०२४ मधे टोयोटा, माझदा न सुबारू तिघं एका मंचावर आले अन् म्हणाले आम्ही नवीन इंजिन बनवून राहिलो, पण मोटर न बॅटरीसोबत जमेल असं. टोयोटाचं दीड लिटरचं लहान, सुबारूचं आडवं बॉक्सर अन् माझदाचं रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी चकती फिरते ते), जे २०२३ मधे एमएक्स-३० गाडीत जनरेटर म्हणूनच बसवलं होतं. फ्रान्सची रेनॉ न चीनची गिली या दोघांनी तर इंजिन बनवायची हॉर्स नावाची वेगळी कंपनीच काढली. अन् या धंद्यातला खरा जुना गडी म्हणजे चीनची बीवायडी, २००८ मधेच तिनं प्लग-इन गाडी बाजारात आणली होती, २०२२ पासून नुसत्या पेट्रोलच्या गाड्या बनवणंच बंद केलं, अन् मे २०२४ मधे जे नवीन इंजिन दाखवलं त्याची कार्यक्षमता ४६.०६ टक्के सांगते, म्हणजे जळलेल्या पेट्रोलातली जवळपास अर्धी ताकद कामाले येते.

हे कसं जमते ते समजून घ्या, यात जादू नाही. नुसत्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाले सगळंच करावं लागते, चढ, ओव्हरटेक, बाजारातली गर्दी. प्लग-इनमधे ओढायचं जड काम मोटर करते, म्हणून इंजिन एका बेताच्या वेगात आरामात चालवता येते, तिथंच ते सगळ्यात कमी पेते. जोडीले खांद्याले खांदा लावणारा दुसरा बैल मिळाला की पहिल्याची जी हालत होते तीच.

पण हे सगळं गाडी रोज चार्ज केली तरच. युरोपियन कमिशननं २०२४ मधे गाड्यांच्या आतल्याच मीटरचे आकडे काढले, तर प्लग-इन गाड्या कागदावरच्यापेक्षा साधारण साडेतीन पट धूर काढत होत्या, अन् मोठं कारण हेच की लोक वायर लावतच नाहीत. मग काय होते, दीड-दोनशे किलोची बॅटरी फुकटची वाहून नेता न पेट्रोलही जाळता.

म्हणून पहिलं काम शोरूम नाही, वही. मी दहा रुपयाची वही सुतळीनं बांधून गिअरजवळ लटकवून ठेवली अन् एक महिना रोज रात्री किलोमीटर लिहिले, सोबत कुठं गेलो तेही. वावर, दारव्हा, बाजार, पोराची शाळा, एक साक्षगंध, दोनदा यवतमाळ, एकदा नागपूर. तीस दिवसांतले तेवीस दिवस चाळीसच्या आत निघाले! मले वाटत होतं आपण लय फिरतो. तुमचं असं निघालं अन् महिन्यातून एक-दोनदाच नागपूर-संभाजीनगर असंल तर प्लग-इन तुमच्याच कामाची, निव्वळ इलेक्ट्रिकही चालंल. पण रोजच दीडशे होत असंल, किंवा दहा-दहा दिवस गाडी उभीच राहत असंल, तर उगाच खर्च.

दुसरं काम वायरमन. १५ अँपियरच्या पॉइंटवर साधारण ३.३ किलोवॅट मिळते, १८ युनिटाची बॅटरी भरायले भिंतीतून वीसेक युनिट जाते न सहा-सात तास लागते. आता आपल्याकडे रात्री लाईन किती वेळ राहते ते तुम्हालेच माहीत. एका ओळखीच्यानं इलेक्ट्रिक गाडी आणली, पहिल्याच रात्री चार्जरवर लाल लाईट टिमटिमत राहिला, सुरूच होईना. तो म्हणे गाडीच खराब. वायरमननं होल्डरले दोन वायर लावून बल्ब आणला, एक फेजमधे, एक अर्थिंगमधे, तर बल्ब शंभरचा अन् उजेड उदबत्तीएवढा. अर्थिंगच मेली होती. मागं जाऊन पाहिलं तर खड्ड्यावर कडब्याची गंजी रचलेली, तीन उन्हाळे तिथं पाणीच पडलं नव्हतं. मीठ-कोळसा टाकून नवीन प्लेट पुरली, त्या रात्री गाडी भरली. (हा बल्बवाला खेळ घरी स्वतः करू नका, वायरमनच करंल.) तर गाडीच्या आधी अर्थिंग, मीटरपासून गाडीपर्यंत जाड तांब्याची वेगळी वायर, वेगळा एमसीबी, अन् महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. पाण्याची मोटर, कूलर न गाडी एकाच वेळी सुरू झाले तर जुनं मीटर रडते.

बिलाचा हिशोब करताना एक चूक सगळेच करते. मागच्या बिलाले युनिटानं भागून "एवढ्याले पडते" म्हणते. तसं नसते भाऊ. घरगुती दर शंभर, तीनशे, पाचशे असा टप्प्यानं चढते, अन् घराचा वापर आधीच दीडशे असंल तर गाडीचे अडीचशे युनिट त्याच्या वर बसते, म्हणजे महागातल्या टप्प्यात. बिलाच्या मागं दर छापले राहते, वरच्या टप्प्याचा दर घेऊन मांडा. टिनावर सोलर बसवायचा विचार असंल तर तो आधी करा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटले ७८ हजारापर्यंत सबसिडी आहे, न दिवसाले बारा युनिटाच्या आसपास निघते.

अन् वावरातल्या मोटरच्या लाईनवर गाडी लावायचा विचारही नको. शेतीची लाईन शेतीसाठी, तिच्यावर गाडी भरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ मधे (विजेचा अनधिकृत वापर) बसते, दंड वेगळा. शिवाय डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज कुठं जाते ते पाहिलंच असंल.

गाडी कोठ्यात (गोठ्यात) उभी करत असाल तर उंदीर. ढेप न सोयाबीनच्या पोत्याजवळ उभ्या गाडीचे वायर उंदीर खाते हे नवीन नाही, पण इथं नारंगी रंगाचे जाड वायर हाय व्होल्टेजचे असते, ते कुरतडले तर गावच्या मिस्तरीनं हात नाही लावायचा, टो करूनच न्यावी लागते. म्हणून वेगळं शेड. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत दुपारी उन्हात उभी करून लगेच चार्जिंगले लावू नका, सांज होऊ द्या.

इंजिनाचीही एक गोष्ट. प्लग-इनमधे महिनाभर पेट्रोल लागलंच नाही असं होऊ शकते, अन् आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलवालं, ते पाणी ओढते. टाकी फुल करून सहा महिने ठेवू नका, अधून-मधून इंजिनावर लांब चालवा. ऑइलचे किलोमीटर नाही झाले तरी वर्षाले बदला.

आता भाव. आपल्याकडे प्लग-इन आल्या त्या बहुतेक बीएमडब्ल्यू एक्सएम, मर्सिडीजची एएमजी सी ६३ अशा, दोन कोटीच्या आसपास नाहीतर त्याच्याही वरच्या. अन् टॅक्समधे प्लग-इनले इलेक्ट्रिकसारखी सूट नाही. इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी, हायब्रिड न प्लग-इनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान असंल तर १८ नाहीतर ४० टक्के, अन् लहान म्हणजे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत अन् गाडीची लांबी चार मीटरच्या आत. कंपन्या तिकडं काहीही प्लान करू दे, हा फरक आहे तोवर इथं स्वस्तातली प्लग-इन आणणं कठीणच आहे असं मले वाटते.

शोरूमले गेलाच तर चार गोष्टी लेखी मागा: करंटवर किती किलोमीटर, तेही एसी सुरू ठेवून, बॅटरी संपल्यावर नुसत्या इंजिनावर ॲव्हरेज किती, हा आकडा ते मुद्दाम सांगत नाहीत, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, स्ट्राँग हायब्रिडवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर मिळते त्यापेक्षा कमी नको, अन् हाय व्होल्टेजचं काम करणारा माणूस यवतमाळले आहे की अमरावती-नागपूरले न्यावं लागंल. मी गेलो तिथला पोरगा शेवटच्या प्रश्नावर "विचारून सांगतो सर" म्हणे, अजून विचारूनच राहिला.

मी तूर्त डिझेलच ठेवलं आहे, अर्थिंग मात्र नवीन पुरली अन् उन्हाळ्यात दर इतवारी तिच्यावर बादलीभर पाणी टाकतो. साळ्याले वही फोटो काढून पाठवली तर त्याचा रिप्लाय आला, "मस्त भाऊजी, मी बी घेतो." त्याच्या फ्लॅटच्या पार्किंगमधे सॉकेट नाही.