कॅनडात पशुआनुवंशिकीतलं काम शोधताना या चुका टाळा

नागपूर, परभणी, शिरवळ, कर्नाल, इज्जतनगर अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं वळूंची निवड, दुधाच्या नोंदी आणि डीएनए मार्कर यांत घालवलेली बरीच मंडळी आता ऑन्टारिओत आहेत. कुणी जोडीदाराच्या नोकरीमुळे आलं, कुणाला पीआर मिळाली. डॉक्टरेट आहे, शोधनिबंध आहेत, हातात कसब आहे, आणि तरी महिनोन्महिने अर्जांना उत्तर येत नाही. हे बघवत नाही, कारण या क्षेत्रात जाणत्या माणसांची इथे खरोखर गरज आहे. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. आपण कोणत्या पदावर होतो हे ते सांगतात, पण कोणत्या जनावरांचा कोणता प्रश्न सोडवला हे सांगायचं राहून जातं.

अर्ज जातात, उत्तर येत नाही

आधी सीव्ही उघडा. ‘सहायक प्राध्यापक, पशुआनुवंशिकी व पैदास विभाग. आयसीएआर प्रकल्पात सहसंशोधक. संकरित गाईंच्या उत्पादन गुणधर्मांचा अभ्यास.’ यातून ऑन्टारिओतल्या गेल्फ शहरातल्या वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. शिवाय पशुआनुवंशिकीच्या जगात आयसीएआर म्हटलं की जनावरांच्या नोंदींची आंतरराष्ट्रीय समिती आठवते, आपली भारतीय कृषी संशोधन परिषद नाही. संस्थेचं नाव पूर्ण लिहा.

तीच ओळ अशी लिहून पाहा: ‘शेतकऱ्यांच्या गोठ्यांतल्या संकरित गाईंच्या मासिक दूधनोंदी. निम्म्याहून अधिक गाईंची आई माहीत नव्हती. टेस्ट-डे मॉडेल वापरून वळूंची क्रमवारी लावली, तिच्यावरून रेतन केंद्राने वळू ठेवले किंवा काढले.’ (टेस्ट-डे मॉडेल म्हणजे मोजणीच्या दिवशीच्या दुधावरून केलेलं मूल्यांकन.) यात तुमच्या खऱ्या कामाची संख्या भरा: किती गाई, किती वळू, किती वर्षांच्या नोंदी. वाचणाऱ्याला लगेच कळतं की या माणसाने काटछाट न केलेला डेटा हाताळलाय आणि त्याच्या आकड्यांवर कुणीतरी निर्णय घेतलाय.

सॉफ्टवेअरचंही तसंच. आपल्या विभागांत हार्वेचा जुना लीस्ट-स्क्वेअर्स प्रोग्रॅम आणि एसपीएसएस बरीच वर्षं चालले. सीव्हीवर तेवढंच दिसलं तर अर्ज मागे पडतो. वॉम्बॅट किंवा बीएलयूपीएफ-९० हे पैदासमूल्य काढणारं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर ते वर आणा. लिनक्सवर काम आणि आर किंवा पायथन जवळजवळ सगळीकडे लागतं. येत नसेल तर पुढचे दोन-तीन महिने त्यालाच द्या, त्या काळात पन्नास अर्ज केल्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव हे सगळं काढून टाका.

भारतातलं काम झाकून ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘इथे होल्स्टीन गाई आहेत, आपल्या देवणी-खिलारचं काय कौतुक’ असं म्हणून लोक आपलं मूळ काम दोन ओळींत उरकतात आणि थोडंफार जमलेलं होल्स्टीनचं विश्लेषण पुढे करतात. होल्स्टीनची तज्ज्ञ माणसं इथे आधीच आहेत. अपुऱ्या वंशावळी, दोन-तीन गाईंचे गोठे, संकरित रक्ताचं बदलतं प्रमाण, एप्रिल-मेच्या उन्हात खाली येणारं दूध, यांतून मार्ग काढलेली माणसं मात्र फार नाहीत. इथल्या कंपन्या गोठित रेतमात्रा उष्ण देशांतही विकतात, त्यामुळे उष्णता सहन करण्याचा गुणधर्म आणि संकरित जनावरांचं मूल्यांकन हे त्यांचेही प्रश्न आहेत.

फलटणचं उदाहरण घ्या. बंगालच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं प्रमाण वाढवणारं फेकबी जनुक तिथल्या निंबकर संस्थेत दख्खनी मेंढीत आणलं गेलं आणि नारी सुवर्णा तयार झाली. हेच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनोत आहे, त्यामुळे मेंढीवर काम करणारा जगातला कुठलाही आनुवंशिकीतज्ज्ञ ते ओळखतो. असं काम केलेल्या माणसाने ते तिसऱ्या पानावर का ढकलावं? किंवा 2024 मध्ये आलेल्या गौ चिप आणि महिष चिप या गाई-म्हशींचे डीएनए मार्कर तपासणाऱ्या चिपशी तुमचा संबंध आला असेल, तर देशी जनावरांसाठी वेगळी चिप का लागली हे चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. युरोपियन जातींवर बेतलेल्या चिपवरचे बरेच मार्कर आपल्या गाईंत गाईगणिक बदलतच नाहीत, मग निवड कशाच्या आधारे करणार? हे ज्याने हाताळलंय तो ते पुस्तकातून सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो फरक कळतो.

‘मी फक्त गाईंवर काम केलंय’

गेल्फ म्हटलं की विद्यापीठ, गोठित रेतमात्रा विकणारी सेमेक्स आणि 2019 साली तीन संस्था एकत्र येऊन झालेली, दूधनोंदी व मूल्यांकन करणारी लॅक्टानेट एवढंच लोकांना दिसतं. शेजारच्या किचनरमध्ये हायब्रिड टर्कीज आहे, तिथे टर्कीची पैदास होते. डुकरं, कोंबड्या, सॅल्मन यांच्याही पैदास कंपन्या आहेत. पैदासमूल्य काढण्याचं मिश्र मॉडेल सगळीकडे तेच असतं, गुणधर्म आणि पिढीचा काळ बदलतो. नोकरी शोधताना ‘अ‍ॅनिमल जेनेटिसिस्ट’ एवढंच टाकून थांबू नका. क्वांटिटेटिव्ह जेनेटिसिस्ट, स्टॅटिस्टिकल जेनेटिसिस्ट, जीनोमिक डेटा अ‍ॅनालिस्ट अशा नावांनीही जागा निघतात.

पहिली मुलाखत होते, पुढे शांतता

एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारतात: तरुण वळूचं जीनोमिक (डीएनएवरून केलेलं) मूल्यांकन उत्तम होतं, मुलींच्या नोंदी आल्यावर ते घसरलं, का? आपली मंडळी वर्गात शिकवल्यासारखी ब्लपच्या (नोंदी आणि वंशावळीवरून पैदासमूल्य काढण्याच्या पद्धतीच्या) व्याख्येपासून सुरुवात करतात. समोरच्याला तुमचं डोकं कसं चालतं ते पाहायचं असतं. आधी उलट विचारा: किती घसरलं? एकटाच घसरला की त्या वयाचे सगळे? सगळे असतील तर बेस, म्हणजे तुलनेची सरासरी, बदलला का बघा, कॅनडात तो दर एप्रिलमध्ये बदलतो. एकटाच असेल तर नमुन्यांची अदलाबदल, मुलींच्या बापाची चुकीची नोंद, मुली मोजक्याच गोठ्यांत असणं, वळूच्या आईला खास खुराक देऊन फुगलेल्या तिच्या नोंदी, या क्रमाने शोध घ्या. रेतन केंद्रावर काम केलेल्याला हे सगळं माहीत असतं. मुलाखतीत तेवढं मोठ्याने बोलायचं.

पेनड्राइव्हवरचा डेटा

जुन्या संस्थेच्या नोंदी लेखी परवानगीशिवाय नमुना म्हणून दाखवू नका. हुशारी दाखवायला म्हणून केलेलं हे काम उलटतं. जो जुन्या मालकाचा डेटा घेऊन फिरतो तो उद्या आमचाही नेईल, असा सरळ हिशेब लावला जातो. खुला डेटा आहे की. पीआयसी या डुकरांच्या पैदास कंपनीने 2012 मध्ये 3,534 डुकरांचे जीनोटाइप आणि पाच गुणधर्मांच्या नोंदी सर्वांसाठी उपलब्ध केल्या. त्यावर एक स्वच्छ विश्लेषण करून कोड गिटहबवर ठेवा. आभासी कळप हवा असेल तर आरमधलं अल्फासिमआर हे पॅकेज आहे.

लायसन्सचा घोळ

बी.व्ही.एस्सी. असलेल्यांना कुणीतरी सांगतं की आधी पशुवैद्यकाचं लायसन्स काढा. संशोधनाला ते लागत नाही. त्या परीक्षांना वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात, दवाखान्यात काम करायचं असेल तरच त्या वाटेला जा. पण लायसन्स नसताना सीव्हीवर स्वतःला ‘व्हेटेरिनेरियन’ म्हणवू नका, ऑन्टारिओत ते कायद्याने चालत नाही. पदवीचं नाव लिहा, तेवढं पुरे.

संदर्भ आणि पत्रं

‘ज्याच्याशी संबंधित त्याला’ छापाचं सहीशिक्क्याचं पत्र इथे कुणी वाचत नाही, थेट फोन किंवा ईमेल करतात. गाइड सरांना आधी कल्पना द्या, नोकरीची जाहिरात पाठवा, आपलं कोणतं काम सांगावं तेही कळवा. उन्हाळ्यात इथे सकाळचे दहा म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात.

प्राध्यापकांना एकच मजकूर शंभर जणांना पाठवू नका. 2023 मध्ये लॅक्टानेटने दुधाच्या इन्फ्रारेड तपासणीवरून होल्स्टीनचं मिथेन मूल्यांकन सुरू केलं. तुम्ही रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चाऱ्यावर किंवा दुधाच्या घटकांवर काम केलं असेल, तर त्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारणारं सहा ओळींचं पत्र पुष्कळ पुढे जातं.

कंत्राटी जागांना नाकं मुरडणं

इथे पालकत्वाची रजा दीड वर्षापर्यंत घेता येते, त्यामुळे तेवढ्या काळापुरत्या बदली जागा निघतात. सहयोगी प्राध्यापक राहिलेल्याला त्या कमीपणाच्या वाटतात. विश्लेषणाची जागा असेल तर जरूर घ्या. स्थानिक संदर्भ मिळतो आणि तुमचं काम लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. नुसत्या नळ्या धुण्याची जागा मात्र घराचा खर्च अडला असेल तरच घ्या, त्यातून तुमच्या कामापर्यंत जाणारी वाट क्वचितच निघते.

आणि भारतात जाऊन आल्यावर फार्मवरच्या मुलाखतीची तारीख लगेचची घेऊ नका. आपल्याकडे लाळ्या खुरकूत आहे, कॅनडा 1952 पासून त्यातून मुक्त आहे. तुम्ही शेवटचे जनावरांत कधी होतात हे विचारलं जातं, तेव्हा खरं सांगा आणि पुढची तारीख मागा. ती मिळते.