व्हेनिसमध्ये दोघांनी दोन रात्री: मुक्काम, बोटी आणि गोंडोला

सहलीच्या बसमधून आलेल्या जोडप्यांना व्हेनिस बहुतेक वेळा भर दुपारचंच दिसतं. सान मार्को चौकातली रेटारेटी, अर्धा तास गोंडोला, आणि संध्याकाळी परत मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत. या शहराचा निवांतपणा सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर असतो. म्हणून स्वतःहून जाणार असाल तर बेटावरच राहा, निदान दोन रात्री. मेस्त्रेत खोल्या स्वस्त असतात आणि रेल्वेने बेटावरचं सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर आहे, हे खरं. पण परतीच्या गाडीकडे लक्ष ठेवून रात्रीची भटकंती होत नाही.

राहायला कान्नारेज्जो किंवा दोर्सोदुरो हे भाग बघा. खोली घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: जवळच्या बोटथांब्यापासून वाटेत किती पूल लागतात, आणि इमारतीत लिफ्ट आहे का? इथल्या पुलांना पायऱ्या असतात, त्यामुळे चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. दोघांत एक मध्यम बॅग आणि पाठीवर सॅक एवढंच न्या. पत्त्यात गल्लीऐवजी बऱ्याचदा विभागाचं नाव आणि चार आकडी घरक्रमांक एवढंच असतं, त्यावरून घर सापडत नाही. थांब्याचं नाव आणि नकाशावरची खूण आधीच मागून घ्या.

शहरातली सार्वजनिक बोट म्हणजे व्हापोरेत्तो. 75 मिनिटांचं तिकीट 9.50 युरो, 24 तासांचा पास 25, 48 तासांचा 35. दिवसात तीन फेऱ्या होणार असतील तर पासच परवडतो. दोघंही तिशीच्या आत असाल तर 6 युरोंचं ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड घ्या, त्यावर 72 तासांचा पास 45 ऐवजी 27 युरोंत मिळतो. पासचे तास खरेदीपासून नाही, पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजतात. पुढेही दर वेळी चढताना तो यंत्राला लावा, विसरलात तर दंड होतो.

पहिल्या रात्री जेवण झालं की पियात्साले रोमाहून 1 नंबरची बोट धरा. सुरुवातीचा थांबा असल्याने बाहेरची जागा मिळण्याची शक्यता इथेच जास्त. शहराच्या मधून जाणाऱ्या मोठ्या कालव्याने, रिआल्तो आणि अकादेमिया पुलांखालून सान मार्कोपर्यंत साधारण पाऊण तास लागतो. आमच्या मते दोघांसाठी एवढ्या कमी पैशांत याहून सुंदर फेरी या शहरात नाही.

आता गोंडोला. अधिकृत दर दिवसा 30 मिनिटांचे 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांचे 110. हा दर अख्ख्या नावेचा आहे, माणशी नाही. नावेत पाच जण बसू शकतात, पण दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलात तर दोघांनी शेजारी-शेजारी बसायची जागा कुणाला, हा प्रश्न येतो. दोघंच जायचं असेल तर पूर्ण रक्कम धरूनच चला. गाणं या दरात नसतं. चढण्याआधी तीन गोष्टी तोंडी पक्क्या करा: रक्कम, मिनिटं आणि मार्ग. सान मार्कोसमोरचं पाणी मोठ्या बोटींमुळे हेलकावतं आणि रिआल्तोजवळ नावांची दाटी होते. त्यापेक्षा सान तोमा किंवा सान बार्नाबाजवळून निघा आणि लहान कालव्यांतून न्यायला सांगा. हिवाळा सोडला तर संध्याकाळी सहाच्या सुमारास उजेड मऊ असतो आणि दिवसाचाच दर लागतो. चढताना पाय नावेच्या मधोमध ठेवा आणि नावाडी सांगेल तिथेच बसा. तो एका बाजूने वल्हवतो, म्हणून नाव मुळातच एका अंगाला रुंद बांधलेली असते; फोटोसाठी मध्येच उठलात तर तोल जातो. एवढा खर्च नको असेल तर त्राघेत्तो आहे: साधारण 2 युरोंत मोठा कालवा पार करणारी नाव, दोन-तीन मिनिटांची.

खाण्यासाठी बाकारो गाठा, म्हणजे उभ्याने छोटे घास खायची वाइनची दुकानं. त्या घासांना चिकेत्ती म्हणतात. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: पावावर लावलेला पांढरा मऊ लेप चीजसारखा दिसतो, पण बऱ्याचदा तो घोटलेला कॉड मासा असतो, बाक्काला. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. सान मार्को चौकातल्या कॅफेत वाद्यवृंद चालू असेल तर संगीताचा आकार बिलात वेगळा लागतो.

दुसऱ्या सकाळी सातला चौकात पोहोचा. तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जाताना दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मनोऱ्यावरून शहर बघायचं तर चौकातल्या मनोऱ्याऐवजी सान झाक्कारियाहून 2 नंबरच्या बोटीने समोरच्या सान जोर्जो बेटावर जा. लिफ्ट तिथेही आहे, रांग लहान असते, आणि सान मार्कोचा मनोराच तुमच्या चित्रात येतो.

ऑक्टोबर ते जानेवारीत भरतीचं पाणी चौकात शिरू शकतं. भरती अडवणारी समुद्रातली मोझे दारं साधारण 110 सेंटिमीटर भरतीच्या अंदाजाला उचलतात, पण चौक त्याहून बऱ्याच कमी पातळीला ओला होतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिथेच मिळतात. वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. बेटावर मुक्काम असलेल्यांना ते माफ आहे, मात्र माफीचा क्यूआर कोड ऑनलाइन आधी काढून फोनमध्ये ठेवावा लागतो.