मेडिकलवरनं मलम आणू नका, आधी टेस्ट करा

पुण्यात रूम करून राहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय. माझ्या एका मित्राला खाली, म्हणजे गुप्तांगावर, छोटीशी जखम झाली, दुखत नव्हती, लाज वाटली म्हणून मेडिकलवरनं मलम आणून लावलं, तीन-चार आठवड्यांत जखम गेली आणि तो निवांत. दोनेक महिन्यांनी तळहातावर, तळपायावर पुरळ, आणि मग कळलं की हे सिफिलिस, म्हणजे जुने लोक गरमी म्हणतात तो संबंधातून लागणारा रोग! जखम आपोआप भरते पण रोग आत राहतो, त्यामुळे गेलं म्हणून सोडून देऊ नका. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो तो, आणि अशी जखम असताना एचआयव्ही लागायची शक्यताही वाढते.

काल-परवा कंडोमशिवाय संबंध आला असेल आणि एचआयव्हीची भीती असेल तर थांबू नका, पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस रोज घ्यायच्या. कुठे मिळतील कळत नसेल तर एड्स हेल्पलाइनला, १०९७ ला फोन करा, फ्री आहे.

टेस्टसाठी ससून हॉस्पिटलला आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र आहे. एचआयव्ही टेस्ट फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यामुळे तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्टही गुप्त ठेवावा लागतो. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून नाचू नका, लागण टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, तीन महिन्यांनी परत करा. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी पण तपासायला सांगा.

मुलींनो, क्लॅमिडिया, परमा (गोनोरिया) या संबंधातूनच लागणाऱ्या रोगांत बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही आणि आत गर्भनलिका खराब होत राहतात, म्हणून पांढरं जाणं वाढलं, वास आला, ओटीपोट दुखलं तर अंगावर काढू नका प्लीज.

कंडोम सुरुवातीपासून घाला, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्स फाटतं, पाण्याचं ल्युब्रिकंट घ्या. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूवरची लस तर आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचीच आहे, सर्वाव्हॅक नावाची, डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि पार्टनरचा उपचार झाला नाही तर तुम्हाला परत तेच होणार, हे फार जण विसरतात. सांगायला जड जातंय ना, मग एवढंच टाईप करा: "माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, तू पण चेक करून घे, मी सोबत येते."